जयपूरची उपाहारगृहे आणि आपली जीभ

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आमच्याकडे लेख मागितला तो ‘जयपूर आणि मराठी माणूस’ या विषयावर. विषय भारदस्त आहे, आणि त्यावर लिहिण्याचा अधिकार आमच्याहून अधिक असलेली मंडळी आपल्यात आहेत. परंतु गेल्या पन्नास वर्षांत मंडळाच्या ज्या बैठकांना आम्ही हजर राहिलो त्या आठवू लागलो, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. कार्यक्रमपत्रिकेवरील विषय अर्ध्या तासात आटोपत, आणि मग सतरंज्या गुंडाळेपर्यंत जी चर्चा रंगे ती खाण्याची. अमक्या ठिकाणची कचोरी हल्ली तेलकट झाली. तमक्या भोजनालयात दुसऱ्यांदा भात मागितला की वाढप्याच्या कपाळाला आठ्या पडतात. राजापार्कात एका ठेल्यावर छोले बरे मिळतात, पण पाणी घरचे न्यावे. हे निकाल कोणत्याही इतिवृत्तात नोंदले गेले नाहीत. बदली होऊन नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या महिन्यात खरी उपयोगी पडे ती मात्र हीच माहिती. तेव्हा आम्ही लिहिण्याचे ठरविले ते या अलिखित अभिप्रायांविषयी, आणि ज्या उपाहारगृहांविषयी ते दिले गेले त्यांच्याविषयी.

जयपूरशी मराठी माणसाचा संबंध हे शहर वसले तेव्हापासूनचा आहे. सवाई जयसिंहांनी १८ नोव्हेंबर १७२७ रोजी नगराचा पाया घातला, त्या काळी त्यांच्या पदरी असलेले ज्योतिर्विद सम्राट जगन्नाथ हे मूळचे महाराष्ट्रीय. युक्लिडचे भूमितिशास्त्र अरबीतून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने त्यांनीच आणले. यज्ञयागांचे आचार्य रत्नाकर पुंडरीक हेही महाराष्ट्रीयच. ब्रह्मपुरीत त्यांच्या नावाची हवेली आजही दाखवितात. या विद्वानांचे जेवण घरी, सोवळ्यात, बाजारात बसून खाणे त्यांच्या आचारात बसणारे नव्हते. त्यांच्यानंतर आलेले मराठे मात्र बाजारात गेले, आणि ते जाणे दुर्दैवी ठरले. सवाई ईश्वरीसिंहांच्या आत्मघातानंतर माधोसिंह गादीवर बसले, त्या वेळी होळकर-शिंद्यांचा तळ शहराबाहेर होता. १० जानेवारी १७५१ रोजी नवे शहर पाहावे, देवळे पाहावीत, काही खरेदी करावी म्हणून तळावरची माणसे तटाच्या आत गेली. दुपारी त्यांच्यावर एकाएकी हत्यार चालले आणि काही हजार माणसे त्या सुंदर चौकांतून आणि रस्त्यांतून मारली गेली. खंडणीच्या तगाद्याने गांजलेल्या शहराचा तो संताप होता. आज जोहरी बाजारात घेवराचा पुडा हातात घेऊन आपण चालतो, तेव्हा हे कोणाच्या मनातही येत नाही. आणि न येणेच बरे.

त्या जुन्या जयपुरात बाहेर खाण्याची सोय म्हणजे हलवायाचे दुकान. त्यामागे एक नियम होता, तो समजल्याखेरीज या शहराच्या जिभेचा उलगडा होत नाही. उत्तरेत रसोईचे दोन भाग मानीत, कच्ची आणि पक्की. पाण्यात शिजलेला भात, डाळ, तव्यावरची पोळी ही कच्ची, आणि ती आपल्या ज्ञातीच्या किंवा तिच्याहून वरच्या मानलेल्या हातचीच खावयाची. तुपात तळलेली पुरी, कचोरी, मिठाई ही पक्की, आणि ती हलवायाकडून घेऊन खाण्यास बहुतेक ज्ञातींना प्रत्यवाय नसे. आपल्याकडील सोवळ्या-ओवळ्याची ही मावसबहीणच म्हणावयाची. परिणाम असा झाला की शहराला बाजारात खाण्याची जी सवय लागली ती तळणाची आणि मिठाईची. पानावर बसून डाळ-भात खाण्याची सोय फार उशिरा आली. आपल्या घरातून वर्षानुवर्षे जी तक्रार ऐकू येई, ‘इथे खायला पुष्कळ मिळते, जेवायला मिळत नाही’, तिचे मूळ येथे आहे. ती तक्रार करणाऱ्यांना आणि ऐकणाऱ्यांना हे मूळ ठाऊक नव्हते, म्हणून दोष मात्र जयपूरच्या माणसाच्या आळसाला लागला.

परक्या पाहुण्यांची व्यवस्था निराळी होती. १८९६ साली अमेरिकन लेखक मार्क ट्वेन येथे आला, आजारी पडून काही दिवस अडकला, आणि एका देशी कुटुंबाने चालविलेल्या छोट्याशा हॉटेलात राहिला. आपल्या प्रवासग्रंथात त्याने त्या हॉटेलाचे वर्णन मिस्किलपणे केले आहे. उतरलेल्या जागेविषयी चार शब्द लिहून ठेवणारे पाहुणे तेव्हाही होते. आपण ते बोलून सोडून दिले, एवढाच फरक.

तटाबाहेर शहर मोकळे झाले ते सर मिर्झा इस्माईल यांच्या दिवाणगिरीत, १९४२ ते १९४६ या काळात. म्हैसूरचा अनुभव गाठीशी असलेल्या या गृहस्थांच्या नावाचा रुंद रस्ता आज आपण नुसता ‘एम. आय. रोड’ म्हणून ओळखतो. जयपूरच्या उपाहारगृहांचा अर्वाचीन इतिहास जवळजवळ सगळा या एका रस्त्यावर घडला. १९४४ साली येथे लस्सीचे प्रसिद्ध दुकान निघाले. १९४६ साली गुलाबजींचा चहा सुरू झाला. पुढच्याच वर्षी फाळणी झाली आणि सिंध-पंजाबातून निर्वासित आले. त्यांच्या छावणीचे नाव ‘सिंधी कॅम्प’ या बसस्थानकाला कायमचे चिकटले आहे, आणि आदर्शनगर-राजापार्क या वस्त्यांतून दाल-पकवान, छोले-भटुरे, तंदुरी रोटी शहराच्या अंगवळणी पडली. ३० मार्च १९४९ रोजी राजस्थान राज्याचे उद्घाटन होऊन जयपूर राजधानी झाले. त्याच वर्षी एम. आय. रोडवर ‘निरोज’ उघडले, जेथे टेबलावर पांढरे आच्छादन घालून चिनी पदार्थही मिळू लागले. १९५४ साली जोहरी बाजारातील जुन्या लक्ष्मी मिष्ठान्न भांडाराने बसून जेवण्याचे उपाहारगृह काढले. १९५७ पासून कॉफी बोर्डाच्या बंद झालेल्या कॉफीगृहांतील कामगारांनी देशभर सहकारी संस्था उभ्या केल्या; त्या इंडियन कॉफी हाऊसचे एक घर येथेही आहे. कच्च्या-पक्क्याचा जो निर्बंध दोनशे वर्षे टिकला होता, तो अवघ्या दहा-पंधरा वर्षांत कचेरीच्या मधल्या सुट्टीने आणि निर्वासिताच्या तंदुराने निकालात काढला.

आपली बहुतेक कुटुंबे आली ती यानंतर. महालेखापालांचे कार्यालय, बँका, आयुर्विमा, विद्यापीठ, १९६३ साली निघालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, ही आपली बंदरे. मुंबईहून येणाऱ्याने सवाई माधोपूरला रुंद रुळांची गाडी सोडून मीटरगेजच्या डब्यात बसावयाचे. ट्रंकेत गोडा मसाला, आमसुले, मेतकूट आणि पोह्यांचे पापड. घर मिळेपर्यंत मुक्काम ओळखीच्यांकडे किंवा धर्मशाळेत, आणि तोपर्यंतचे जेवण बाहेर. परमुलखाविषयीचे पहिले मत माणूस असे उपाशीपोटी बनवितो.

या मतांत एकवाक्यता होती असे मात्र कोणी समजू नये. मराठी जीभ एक नाही, हे आम्हांला जयपुरात येऊन समजले. दाल-बाटी-चुरम्याचेच घ्या. पुण्याकडील मंडळींनी बाटी फोडून पाहिली, तीवर ओतलेले तूप पाहिले आणि ‘हे दोन घास ठीक, रोज कसे पचणार?’ असा शेरा दिला. त्याच पंक्तीस बसलेले जळगावचे गृहस्थ म्हणाले, ‘अहो, ही तर आमची वरणबट्टी. फक्त वांग्याची भाजी विसरलेत.’ ते पहिल्या दिवसापासून येथे घरी होते. नागपूरकरांना लसणाच्या लाल चटणीत आणि मथानियाच्या मिरचीत माहेर सापडले. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी कुटुंबांना कचोरी, जिलबी, पोहे यांचे नावीन्य नव्हतेच; उलट आम्हां दक्षिणेकडून आलेल्यांना तीच मंडळी वडीलधाऱ्याच्या थाटात समजावीत. सर्वांत हाल कोकणातल्यांचे. नारळ महाग, मासा दुर्मिळ आणि भात म्हणजे जेवणाच्या शेवटी वाटीभर टाकावयाची वस्तू. मालवणकडच्या एका वहिनींनी पहिल्या वर्षी जयपूरच्या प्रत्येक उपाहारगृहाला एकच अभिप्राय दिला, तो म्हणजे ‘कोरडे’. तो खोटा नव्हता. मरुभूमीत पाण्याऐवजी ताक आणि दूध घालून, भाजीऐवजी बेसनाचे गट्टे आणि सुकविलेली केर-सांगरी शिजवून ज्यांनी पिढ्या काढल्या, त्यांच्या पाकशाळेला ते विशेषण लागू होते. वहिनी ते निंदेने म्हणत, एवढेच.

स्त्रियांच्या अभिप्रायांचे मोल आम्हांला अधिक वाटते, कारण त्या करणीकडे पाहत. श्रावणात तीज आली की सिंजाऱ्याला मुलीसुनांकडे घेवर पाठविण्याची येथील रीत आहे. आमच्या घरी शेजाऱ्यांकडून पहिला घेवर आला, तेव्हा आमच्या मातोश्रींनी तो खाण्याआधी उजेडात धरला आणि त्याची जाळी पाहिली. अनारशाला जाळी पडली नाही तर तो फसला, या मापाने त्यांनी घेवर मोजला आणि म्हणाल्या, ‘हात चांगला आहे.’ पुढे जोहरी बाजारातल्या चार दुकानांतील घेवर त्यांनी याच रीतीने तपासले. गोडी-अगोडीविषयी त्या बोलल्याच नाहीत. पाक जास्त झाला तर तो दुकानदाराच्या हिशेबाचा भाग, जाळी हा त्याच्या विद्येचा भाग, असे त्यांचे मत.

लक्ष्मी मिष्ठान्न भांडाराविषयी आपल्यात दोन तट होते. तेथे कांदा-लसूण वर्ज्य. नोकरदार तरुणांना ते जेवण देवळातल्यासारखे वाटे आणि महागही. परंतु चातुर्मास पाळणाऱ्या घरांना सारे शहर बंद झाल्यावर उघडे असलेले ते एकच दार होते. याच्या उलट टोकाला रावत मिष्ठान्न भांडाराची प्याज-कचोरी. पोटात कांद्याचे तिखट सारण, तळहाताएवढी, खाल्ल्यावर दुपारचे जेवण नको. आमच्या परिचयाच्या दोन कुटुंबांनी आषाढातली कांदेनवमी या कचोरीनेच साजरी करण्याची प्रथा पाडली आहे. घरातला शेवटचा कांदा चिरण्याऐवजी सर्वांनी मिळून सिंधी कॅम्पकडे जावयाचे. कर्मठांना हे मानवले नाही. पण सणाचा हेतू कांदा संपविणे हाच असेल, तर तो इतक्या उत्साहाने अन्यत्र संपत असेल असे वाटत नाही.

लस्सीच्या दुकानाचा वाद तर अजून मिटलेला नाही. १९४४ चे मूळ दुकान म्हणून सगळे ज्याला ओळखतात त्याच्या अंगाला अंग लावून त्याच नावाची दुकाने उभी राहिली. मातीच्या कुल्हडात, वर सायीचा जाड थर, चमच्याने खावी अशी ती लस्सी. महाराष्ट्रातून पाहुणे आले की आपण त्यांना नेमके ‘खऱ्या’ दुकानात नेतो आणि वाटेत त्याची खूण सांगतो. एकदा आमच्या घरी उतरलेल्या पुण्याच्या पाहुण्यांनी मुद्दाम दोन्हीकडची लस्सी घेतली आणि दुसरी अधिक थंड असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले. आम्हांला तो घरच्या माणसाचा अपमान वाटला. नंतर विचार केला तेव्हा ध्यानात आले की आम्ही चवीची बाजू घेत नव्हतो. इतकी वर्षे येथे राहून ‘खरे कोणते’ हे आपल्याला कळते, या अभिमानाची बाजू घेत होतो. मूळ दुकान दुपार टळल्यावर बहुधा बंद असते, हीही खुणेची गोष्ट आम्ही पाहुण्यांना फुशारकीने सांगतो, जणू ती शिस्त आम्हीच घालून दिली आहे.

कॉफी हाऊसविषयी मात्र सर्वांचे एकमत. कोणी कॉफीला चांगली म्हटले नाही, आणि कोणी जाणे सोडले नाही. एका पेल्यावर दोन तास बसू देणारी जागा मराठी माणसाला अन्नाहून प्रिय असते. निरोजला आम्ही गेलो ते मोजक्या प्रसंगी. १ जून १९७६ रोजी राजमंदिर चित्रपटगृह ‘चरस’ या चित्रपटाने सुरू झाले, तेव्हापासून सिनेमा आणि नंतर एम. आय. रोडवर जेवण हा बढतीच्या किंवा वाढदिवसाच्या दिवसाचा बेत ठरला. शाकाहारी सूप मागवून त्यात काय काय आहे हे तीन वेळा विचारणाऱ्या आमच्या काकूंना वेटरने तिन्ही वेळा शांतपणे उत्तर दिले. त्या जागेविषयीचा आमचा अनुकूल अभिप्राय मुख्यतः त्या उत्तरांवर आधारलेला आहे. सामिष खाणाऱ्यांचे अभिप्राय वेगळ्या वाटेने फिरत. लाल मांसाची तुलना कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्याशी, रामगंज बाजारातील पहाटेच्या निहारीची तुलना कशाशीच नाही. आणि हे सारे बैठकीत नव्हे, जिन्यात, हळू आवाजात.

येथवर थट्टेचा भाग झाला. आता जे सांगावयाचे आहे ते लिहावे की लिहू नये, याचा आम्ही बराच विचार केला.

सत्तरीच्या दशकात स्टेशनच्या बाजूच्या एका गल्लीत एक लहानसे भोजनालय होते. मालक मारवाडातले, सगळे त्यांना ‘बाबूजी’ म्हणत. सहा बाके, भिंतीवर देवाचे कॅलेंडर, दारात तंदूर नव्हे तर चूल. आपली एकटी आलेली मुले तेथे महिन्याने जेवत, आणि रविवारी संध्याकाळी आमच्यासारखी दोन-चार बिऱ्हाडेही जात. तेथील पंचमेळ डाळ तिखट असे. आमच्यापैकी कोणीतरी एकदा सहज म्हणाले की आमच्याकडे तुरीचे वरण करतात, त्यात गूळ असतो. बाबूजींनी ते ऐकून घेतले. पुढच्या रविवारी थाळीत तुरीची डाळ आली, तीत गुळाचा खडा, आणि वर त्यांच्या स्वतःच्या अकलेने लसूण व सुक्या लाल मिरचीची फोडणी. ना धड आपली आमटी, ना त्यांची दाल. ‘भाईसाहब, आज मराठी दाल है,’ असे ते दारातूनच सांगू लागले. आम्ही हसलो, नावे ठेवली, गोडा मसाला नाही म्हणून कुरकुरलो, आणि दोनदा वाढून घेतली. हळूहळू आसपासचे जयपुरी ग्राहकही ‘मराठी दाल’ मागू लागले.

१९८१ च्या जुलैत जयपुरात अतिवृष्टी झाली आणि मोठा पूर आला. त्यानंतरच्या पंधरवड्यात आपल्या तीन घरांतली मुले जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. एकाला इस्पितळात ठेवावे लागले. तिन्ही घरे आदल्या रविवारी त्या भोजनालयात जेवली होती. एवढे पुरे झाले. तेल जुने होते, भांडी पुराच्या पाण्यात धुतली होती, हे प्रत्येकाला आठवू लागले, आम्हांलाही आठवले. मंडळाच्या गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत ‘तेथे कोणी जाऊ नये’ हे एकाने म्हटले आणि बाकीच्यांनी मान डोलावली. त्या मानांत आमचीही होती. एकट्या मुलांनी महिना मोडला. कचेऱ्यांतून, शेजाऱ्यांतून बातमी पसरली.

महिन्याभरात खरे कारण कळले. जी घरे भोजनालयाच्या वाटेला कधी गेली नव्हती त्यांच्याकडेही तोच आजार निघाला होता, आणि आमच्या गल्लीतील नळाचे पाणी पूर ओसरल्यापासून वास मारीत होते. नळ खणला तेव्हा तो गटाराशेजारी फुटलेला सापडला. मुले बरी झाली. भोजनालयाविषयीचा निकाल शंभर घरी गेला होता. खुलासा आम्ही दोन घरी सांगितला. मुद्दाम बैठक बोलावून सांगावे असे कोणालाच सुचले नाही, किंवा सुचले तरी कोणी तसे केले नाही.

दिवाळीनंतर आम्ही सहकुटुंब तेथे जेवावयास गेलो. बाबूजींनी ‘आइए भाईसाहब’ म्हणून नेहमीसारखे बाक पुसले. थाळीत पंचमेळ डाळ आली. आमच्या मुलाने ‘मराठी दाल’ मागितली. ते म्हणाले, ‘वो तो आप लोगों के लिए बनती थी, बेटा.’ आवाजात राग नव्हता. आम्ही पुराची, नळाची हकीकत सांगण्यास सुरुवात केली. त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या बाकाकडे वळले. त्यानंतर आम्ही आणखी चार-पाच वेळा गेलो. डाळ पुन्हा आली नाही. काही वर्षांनी ते भोजनालय बंद झाले. आमच्या अभिप्रायामुळे ते बंद पडले असे सिद्ध करता येणार नाही. गल्लीत त्या काळी आणखीही दुकाने उठली. पण आमच्या अभिप्रायाचा त्यात वाटा नव्हता, हेही सिद्ध करता येणार नाही. पन्नास वर्षांत ज्या कार्याचा मंडळाने अहवाल ठेवला त्यांत ही नोंद नाही, म्हणून ती येथे केली.

पुढील काळ सर्वांच्या स्मरणातला आहे, तेव्हा थोडक्यात. रुंद रूळ आले, मुंबईची गाडी थेट धावू लागली, आणि तिच्याबरोबर मुंबईचे खाणेही आले. पावभाजी जयपुरात अशी रुजली की बिर्ला मंदिराच्या परिसरात तिच्यासाठी गर्दी लोटते. वडापाव आला, पण तो चटणीऐवजी मसाल्याच्या लोण्यात बुडवून. आपल्या जुन्या पिढीने त्याला वडापाव मानण्यास नकार दिला, नव्या पिढीने तो मुकाट्याने खाल्ला. सकाळच्या पोह्यांचे ठेले कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहिले. त्यांवर शेव आणि कच्चा कांदा असतो, ओले खोबरे नसते. आम्ही पहिली दोन वर्षे खोबऱ्याचा शोक केला. २०१८ साली रामनिवास बागेत ‘मसाला चौक’ सुरू झाला आणि शहरातील नामवंत ठेले-दुकाने उघड्या आकाशाखाली एका आवारात आली. पायऱ्या चढण्यास आता त्रास होणाऱ्या आमच्यासारख्यांची सोय झाली. परंतु गल्लीच्या तोंडाशी उभे राहून, कढईतला घाण येईपर्यंत वाट पाहून खाल्लेल्या कचोरीचा निकाल टेबलावर बसून देता येत नाही, असे आमचे हेकट मत आहे.

आणि एक नवल घडले. आता अभिप्राय देणारे आपणच राहिलो नाही. गणेशोत्सवातील आपल्या खाद्यजत्रेस जयपुरी शेजारी येतात, साबुदाण्याची खिचडी, थालीपीठ, मिसळ चाखतात आणि बिनदिक्कत निकाल देतात. मसालेभात उत्तम, पण त्यावर तूप इतके कमी का? पुरणपोळी चांगली, पण कोरडी. होय, ‘कोरडी’ हाच शब्द, ‘सूखी’. मालवणच्या वहिनी त्या वेळी वाढण्यास उभ्या होत्या. त्यांनी काही न बोलता तुपाची वाटी पुढे केली. गेल्या गणेशोत्सवात आमच्या नातीने मोदकाबद्दल ‘छान आहे, पण घेवर जास्त छान’ असे सर्वांसमक्ष सांगितले. तिचा जन्म येथला, तिच्या आईचाही येथला. आमच्या मातोश्री हयात असत्या तर त्यांनी तिला मोदकाच्या कळ्या मोजावयास लावल्या असत्या, आणि मग कदाचित तिच्या मताला मान दिला असता.

सुवर्ण महोत्सवी समारंभाच्या जेवणाचा बेत ठरविण्यासाठी समिती नेमली आहे. तिच्या तीन बैठका झाल्या. एक पक्ष पुरणपोळी, मसालेभात, अळूची भाजी यांवर ठाम आहे. तरुण पक्षाला दाल-बाटी आणि प्याज-कचोरी हवी आहे. खान्देशची मंडळी दोन्ही पक्षांना आम्ही फार पूर्वी जोडले होते असे सांगून वांग्याच्या भाजीचा आग्रह धरीत आहेत. ही स्मरणिका छापखान्यात जाईपर्यंत निर्णय झालेला नाही. आम्ही समितीला एकच लेखी सूचना दिली आहे. वरण तुरीचे असावे, त्यात गुळाचा खडा असावा आणि वरून लसूण व सुक्या लाल मिरचीची फोडणी द्यावी. आणि बेताच्या छापील पत्रिकेत त्याचे नाव ‘मराठी दाल’ असेच लिहावे. समितीतील तरुण सदस्यांनी विचारले की हा पदार्थ कोणत्या भागातला. स्टेशनच्या बाजूचा, असे आम्ही त्यांना सांगितले आहे.